श्री. अडुळसा, सौ. मिरची आणि कै. मालनबाई

रविराज थेटेच्या बागेतल्या पाट्या सरकारजमा झाल्या. सगळ्या. टेम्पो आला, दोन माणसं उतरली, पाट्या उपटून गोणीत भरल्या आणि टेम्पो गेला.

तर असं काहीही झालेलं नाही. ज्या कार्यालयाचा टेम्पो होता त्या कार्यालयाचं म्हणणं, की त्या दिवशी टेम्पो पंक्चर होता, त्यामुळं तो कुठं गेलाच नाही. (कार्यालयाचं नाव इथं घेत नाही. नाव घेतलं की फाइल तळाशी जाते, असा थेटेचा अनुभव आहे.) कॉलनीचं म्हणणं, की तिथं बाग नव्हतीच, गटारीच्या कडेची पट्टी होती. आणि थेटेची बायको हर्षाली हिचं म्हणणं, की हा विषय या घरात निघणार नाही. तेव्हा काही झालं नाही, असंच धरून चालू. जे झालं नाही ते असं झालं.

पाथर्डी फाट्याकडं रो-हाउसांची एक रांग आहे. घरांपुढं रस्ता, आणि घर न् रस्ता यांच्या मधोमध मातीची एक पट्टी. ही पट्टी नेमकी कुणाची, हा प्रश्न कॉलनीत कुणी विचारत नसे, कारण उत्तर मिळालं असतं. थेटेनं आपल्या घरापुढच्या पट्टीत भाजीपाला आणि औषधी झाडं लावली होती. खरं म्हणजे लावली हर्षालीनं होती. थेटे पाणी घालायचा आणि चुकीचं उपटायचा.

थेटे अंबडला एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होता. तिथं नट, बोल्ट, वॉशर, ऑइलचा कॅन, झाडू, इतकंच काय, ज्या स्टुलावर तो बसायचा त्या स्टुलालाही टॅग होता. बिनटॅगची वस्तू हातात आली की थेटेला सुचायचं बंद व्हायचं. आणि घरापुढची सगळी पट्टी बिनटॅगची. त्यानं हिवाळाभर कोथिंबीर म्हणून ज्याला पाणी घातलं, खत घातलं, फडकं बांधून उन्हापासून जपलं, ते गाजरगवत निघालं. ते इतकं जोमानं वाढलं की शेजारच्या मंगलाबाई आहेर शिंकून शिंकून अंगणात बसायच्या बंद झाल्या. त्याच सुमारास गवत म्हणून त्यानं जे मुळासकट उपटलं ती बडीशेप होती. हर्षालीच्या माहेराहून आणलेली.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात हर्षाली माहेरी निघाली. माहेर ओझरच्या पुढं. तिच्या चुलतभावाच्या, म्हणजे गोरक्षच्या, मुलीचं लग्न होतं. पिशवी उचलता उचलता ती म्हणाली, "अहो, मी येईपर्यंत काही उपटू नका. आणि कुठं काय लावलंय त्याची एकेक पाटी तरी लावा. मी काय जन्मभर शेजारी उभी राहून सांगत बसू का?"

हे वाक्य ती सहज बोलली होती. बायको सहज बोललेलं वाक्य मनावर घ्यायचं की नाही, हे नवऱ्याला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळतं. थेटेच्या लग्नाला तेवढी वर्षं झाली नव्हती.

पाट्या विकत आणायच्या नाहीत, घरातल्या टाकाऊ वस्तूंतून करायच्या, असं त्यानं ठरवलं. कारखान्यात नुकताच काटकसर सप्ताह झाला होता आणि घोषवाक्य स्पर्धेत त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. बक्षीस म्हणून आणखी एक घोषवाक्यांची वही मिळाली होती. अशा माणसानं दुकानात जाऊन पाट्या विकत घेणं शोभलं नसतं.

पहिल्या पाट्या आइस्क्रीमच्या काड्यांच्या. कॉलनीतल्या पोरांकडून काड्या गोळा केल्या, धुतल्या, बॉलपेननं नावं लिहिली. संध्याकाळी पाणी घातलं, सकाळी सगळी नावं पळालेली. फक्त 'मेथी' तेवढी उरली, पण ती काडी वांग्यापाशी होती.

"अरे रवी, काडीवर कुठं नाव टिकतं होय?" मंगलाबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या. मंगलाबाईंचे यजमान निवृत्त झाल्यापासून घरात गप्प बसत, त्यामुळं त्यांच्या वाटणीचंही बोलणं मंगलाबाईंकडं आलं होतं. "प्लास्टिक पाहिजे. थांब, माझ्याकडं एक्सरे आहे बघ. गुडघ्याचा. जुना झाला. आता त्या गुडघ्याचं काय करायचंय, दुसराच दुखतो."

एक्सरेची फिल्म फार छान निघाली. कात्रीनं कापली जाई, पाण्यानं बिघडत नसे, पांढऱ्या पेंटनं लिहिलेलं उठून दिसे. थेटेनं मंगलाबाईंच्या गुडघ्याच्या सहा पाट्या केल्या. वाटी वांग्याजवळ, वरचं हाड मिरचीजवळ. तीन-चार दिवस सगळं सुरळीत होतं. मग मंगलाबाईंना डॉक्टरांनी सांगितलं, की पहिल्या गुडघ्याशी तुलना केल्याशिवाय दुसऱ्याचं काही सांगता येणार नाही.

"रवी, माझा गुडघा दे रे."

थेटेनं सहाही पाट्या उपटून, धुऊन, सेलोटेपनं जोडून दिल्या. डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढं धरली आणि बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, "आजी, इथं 'वांगं' कुणी लिहिलंय?" मंगलाबाई परत आल्या त्या दिवशी त्यांनी थेटेला काही सल्ला दिला नाही. कॉलनीच्या इतिहासात असा दिवस पुन्हा आलेला नाही.

आता राहिला पत्रा. थेटेला एकदम माळ्यावरचं पोतं आठवलं.

पोत्यात स्टीलची ताटं होती. डझनभर. लग्नानंतर लगेचच्या वर्षी हर्षालीनं माहेराहून आणली होती आणि स्वतः स्टुलावर चढून माळ्यावर ठेवली होती. "असू द्या तिथं," एवढंच म्हणाली होती. त्यावर धूळ बसली होती, आणि धूळ बसलेल्या वस्तूला स्टोअर्सच्या भाषेत 'नॉन-मूव्हिंग' म्हणतात. नॉन-मूव्हिंग माल वर्षाअखेर निकालात काढतात, हा नियम थेटेनं कारखान्यात कधी मोडला नव्हता.

ताट उलटं केल्यावर पाठीवर मशीननं कोरलेलं दिसलं: 'कै. मालनबाई यांच्या स्मरणार्थ.' माणूस गेलं की वर्षश्राद्धाला नातेवाइकांना भांडी वाटतात, त्यातली ही उरलेली. प्रत्येक घरात अशी दोन-चार असतातच. कुणाचं तरी स्मरण करत आपण आमटी ओरपत असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. मालनबाई म्हणजे हर्षालीची आत्या, हे थेटेला माहीत होतं. लग्नात त्यानं त्यांना पाहिलंही असावं. चुलीपाशी कुणीतरी पाठमोरं होतं.

इथं थेटे थांबला. हे नोंदवून ठेवायला हवं, कारण पुढं कुणी विश्वास ठेवला नाही. तो ताट हातात घेऊन थांबला, ओझरला फोन करावा असं त्याच्या मनात आलं. पण मग आश्चर्याचा धक्का कसा देणार? आणि शेवटी नाव मागच्या बाजूला आहे. मागची बाजू कोण बघतं?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पत्रा कापायच्या मशीनवर ताटं कापली. मधला सपाट भाग घेतला, खाली टोक काढलं. मालनबाईंची ओळ प्रत्येक तुकड्यावर शाबूत राहिली. त्यात थेटेची काही भावना नव्हती. पातं तिथं सरळ बसत होतं. कडांची कात्रणं उरली, ती त्यानं भंगारात टाकली आणि हात झटकले.

नावं टाकायला तो भांडी बाजारात गेला. एका दुकानाच्या पायरीवर पुंजाराम नावाचा गृहस्थ विजेचं पेन घेऊन बसलेला असे. साऱ्या जन्मात त्यानं भांड्यांखेरीज कशावर काही लिहिलं नव्हतं.

"काय टाकायचं?"

"अडुळसा."

"पुढं?"

"पुढं काही नाही. अडुळसा."

"आडनाव नाही?"

"अहो, झाड आहे ते."

पुंजारामनं पेन बंद केलं. "झाडाला देताय का झाडाकडून देताय?"

"देत नाहीये कुणी. झाडापुढं लावायचंय."

"नुसतं नाव मी टाकत नाही. नुसतं नाव टाकलं की चोरीचा माल वाटतो. उद्या पोलीस माझ्याकडं येतील. मागं अंकुश म्हणून एकाचा तांब्या होता..." इथं पुंजारामनं अंकुशच्या तांब्याची हकीकत सांगितली. ती मोठी आहे आणि शेवटी तांब्या सापडत नाही. "काहीतरी रीत पाहिजे ना. तुम्ही चहा घेऊन या. मी करतो बरोबर."

थेटे चहा घेऊन आला तेव्हा काम झालेलं होतं. 'श्री. अडुळसा.' 'सौ. मिरची.' 'चि. पुदिना.' 'कु. कोथिंबीर.' 'श्रीमती शेवगा.' आणि प्रत्येकाखाली, 'थेटे परिवाराकडून सप्रेम.'

"गवती चहाला 'कै.' कशाला लावलं?"

"चहा वाळलेलाच असतो की."

"माझा हिरवा आहे!"

"मग आधी सांगायचं. आता खोडता येत नाही. स्टील आहे." मग पुंजारामनं तुकडा उलटा करून पाहिला आणि समजूतदारपणे मान हलवली. "तसंही मागं कै. आहेच. सोबत होईल."

रविवारी सकाळी पाट्या रोवल्या. झाडाचं नाव घराच्या बाजूला ठेवलं, कारण गोंधळ घरातल्या माणसाचा होत होता. रस्त्यावरून जाणाऱ्याला अडुळसा कळला काय नि न कळला काय. त्यामुळं रस्त्याच्या बाजूला, ओळीनं, उन्हात चमचमत, एकच मजकूर उभा राहिला. कै. मालनबाई यांच्या स्मरणार्थ. कै. मालनबाई यांच्या स्मरणार्थ. कै. मालनबाई यांच्या स्मरणार्थ.

संध्याकाळी फिरायला निघालेले दोन गृहस्थ पट्टीपाशी थांबले, त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. थेटे व्हरांड्यात पेपर वाचत होता. त्यानंही उलट हात जोडले. त्याला वाटलं, ओळखीचे असतील.

दुसऱ्या दिवशी अडुळशापाशी झेंडूची दोन फुलं होती. तिसऱ्या दिवशी उदबत्ती. चौथ्या दिवशी एक नारळ आला, तो सौ. मिरचीच्या बुंध्याशी. मग सायकलवरून एक माणूस आला आणि त्यानं विचारलं, की आमच्या वडिलांचं झाड लावायचं तर इथं कुणाला भेटायचं.

"ही बाग माझी आहे," थेटे म्हणाला.

"हो ना. आई होत्या का तुमच्या?"

"आत्या. बायकोची."

तो माणूस सद्गदित झाला. बायकोच्या आत्यासाठी एवढं करणारा पुरुष त्यानं पाहिला नव्हता. हात जोडून गेला. थेटेला खुलासा करायचा होता, पण खुलाशाची सुरुवात 'मी त्यांची ताटं कापली' अशी होत होती, आणि तिथून पुढं मान वर ठेवून बोलता येईना.

मंगलाबाई आधी चिडल्या. "आमच्या दारासमोर मयताचं कशाला रे? सोयरिकीला माणसं यायचीत आमच्याकडं." पण लोक मालनबाईंची चौकशी त्यांच्याकडंच करायला लागले, तेव्हा त्यांचा आवाज बदलला. "फार सोशिक बाई," त्या सांगायच्या. "शेवटपर्यंत तुळशीला पाणी चुकलं नाही. जाताना म्हणाल्या, माझं काही नको, झाडं लावा." मंगलाबाईंनी मालनबाईंना आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण सोशिक, हे त्यांनी अंदाजानं बरोबर सांगितलं होतं.

अशा सगळ्यात हर्षाली परतली. गोरक्षनं तिला मोटारसायकलवरून आणलं होतं. गाडी थांबली तेव्हा कुणीतरी नुकताच कापूर लावून गेलेलं होतं. हर्षाली उतरली, पट्टीपाशी गेली आणि वाचत उभी राहिली. एक पाटी वाचून झाल्यावर तिनं दुसरी वाचली. मजकूर तोच होता, तरी तिनं सगळ्या वाचल्या.

थेटे आतून सरबताचे पेले घेऊन हसत हसत बाहेर आला. हे हसणं त्याला पुढं फार आठवलं.

"कडा कुठंयत?" हर्षालीनं विचारलं.

"कसल्या कडा?"

"ताटांच्या."

थेटेनं सरबत कुंपणावर ठेवलं. "भंगारात."

ती घरात गेली. गोरक्ष मात्र थांबला. त्यानं सरबत प्यायलं, थेटेच्या वाटणीचंही प्यायलं आणि मिशी पुसली.

"दाजी, लय भारी काम केलं तुम्ही. जितेपणी आत्याला वाटणी नाय भेटली. मेल्यावर तुम्ही तिच्याच वाटण्या केल्या."

मग पायरीवर बसून त्यानं सांगितलं. मालन आत्या लग्नानंतर वर्षभरात परत आली ती भावाकडंच राहिली. शेत तिनं निंदलं, गोरक्षला आणि हर्षालीला तिनं वाढवलं, पंगती तिनं वाढल्या. सगळ्यांचं झाल्यावर ती कढईत भात कालवून खायची. घरात सगळ्यांच्या नावाची ताटं होती, जावयांचीसुद्धा. तिचं नव्हतं. तिचं नाव ना सातबाऱ्यावर, ना दारावर, ना कुठं. ती गेल्यावर हर्षालीच हट्टाला पेटली, की ताटंच वाटायची, आणि नाव टाकूनच वाटायची.

"मग आडनाव का नाही टाकलं?" थेटेनं विचारलं. विचारायला हा प्रश्न योग्य नव्हता, पण बाकीचे प्रश्न त्याहून वाईट होते.

"कोंचं टाकावं? सासरचे म्हणले, आमचं टाकू नका, ती नांदली नाय. आमचं म्हातारं म्हणे, लेक दिली ती दिली, आपलं कसं टाकावं? तिथंच तासभर भांडण. त्यो नाव टाकणारा कंटाळला. म्हणून नुसतं मालनबाई." गोरक्षनं मोटारसायकलला किक मारली. "उरलेली ताटं हर्षालीनं मागून घेतली. म्हणे, माझ्या घरी मोठी पंगत बसंल तवा काढीन. आत्याच्या ताटात पहिल्यांदा वाढीन. आता काय, अडुळशाला वाढा."

हर्षालीनं अबोला धरला नाही. ती बोलत होती. पण स्टोअर्समध्ये बोलतात तसं. "दूध आलंय." "गॅस संपलाय." रात्री जेवताना तिनं थेटेला केळीच्या पानावर वाढलं. त्याला आधी कौतुक वाटलं. मग दुसऱ्या दिवशीही पान, तिसऱ्या दिवशीही पान. चौथ्या दिवशी पान संपलं तर वर्तमानपत्र. वर्तमानपत्रावर वरण फार वेळ थांबत नाही. थेटे भराभर जेवायला शिकला. मी भंगारवाल्याकडं जाऊन आलो, हे त्यानं सांगितलं नाही. भंगारवाल्यानं त्याला कात्रणांचा डोंगर दाखवून "शोधा तुमची" म्हटलं होतं, आणि थेटे सबंध दुपार तिथं शोधत होता. बिनटॅगची होती सगळी.

शेवटी तो म्हणाला, "काढून टाकू का पाट्या?"

हर्षाली खिडकीशी उभी होती. बाहेर कुसाबाई भाजीवाली टोपली उतरवून पट्टीपाशी बसली होती.

"बाई, काय लिव्हलंय गं ह्याच्यावर?" कुसाबाईनं खिडकीकडं बघून विचारलं. हर्षालीनं वाचून दाखवलं.

"समद्यांवर त्येच?"

"हो."

"मोठ्या घरची होती का?"

"नाही. चुलीपाशी असायची."

कुसाबाईनं पदरानं एक पाटी पुसली. "आन् एवढ्या बारी नाव! मह्यं बी टाकून दे की एखाद्या पत्र्यावर. मेल्यावरच टाकत्यात का? जितेपणी टाक, म्हंजे मला बी बघाया भेटंल." आणि स्वतःच हसत टोपली उचलून गेली.

हर्षालीनं तिला कोपऱ्यापर्यंत जाताना पाहिलं. मग आत वळून म्हणाली, "राहू द्या पाट्या." त्या रात्री थेटेला ताटात वाढलं. ताट जुनं होतं, पोचे आलेलं, पण वरण त्यात थांबत होतं.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण कुंभमेळा तोंडावर आला होता. सगळं शहर घासूनपुसून काढणं चालू होतं आणि रस्त्याकडेच्या प्रत्येक पट्टीला एकदम मालक फुटला होता. कॉलनीतल्या कुणा हितचिंतकानं कार्यालयाला कळवलं. एका सकाळी कुलथे नावाचे साहेब फाइल घेऊन पट्टीवर उभे राहिले.

"हे उद्यान आहे, का समाधी आहे?"

"घरची भाजी आहे साहेब," थेटे म्हणाला.

"उद्यान असेल तर आमच्याकडं येत नाही. समाधी असेल तर येते, पण मग हटवायला वरून परवानगी लागते. खाली मृतदेह आहे का?"

"नाही. कोथिंबीर आहे."

कुलथे साहेबांनी तसं लिहून घेतलं. मग ते पट्टीच्या आतल्या बाजूला आले. "श्री. अडुळसा कोण?"

"झाड आहे."

"सौ. मिरची या त्यांच्या कोण?"

"कुणी नाही."

"थेटे परिवाराकडून असं लिहिलंय. म्हणजे परिवार तुमचा. इथं राहणारे किती?"

थेटेनं सगळं सुरुवातीपासून सांगितलं: काड्या, गुडघा, पोतं, पुंजाराम. कुलथे साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि फक्त दर्शनी बाजूला लिहिलेलं उतरवून घेतलं, कारण पंचनामा दर्शनी बाजूचा असतो. मंगलाबाईंनी पंच म्हणून सही केली आणि सहीच्या खाली 'फार सोशिक बाई' असंही लिहिलं.

आठवडाभरानं नोटीस आली. ती थेटेच्या नावे नव्हती. 'प्रति, मालनबाई (आडनाव नमूद नाही), भोगवटादार, घरापुढील मोकळी जागा.' आपण सदर जागेवर अनधिकृतरीत्या ताबा केला असून, सुनावणीस जातीनं हजर राहावे.

थेटे सुनावणीला गेला. "त्या वारल्या आहेत, साहेब."

"मृत्यूचा दाखला?"

दाखला नव्हता. गावात कुणी नोंद करायला गेलंच नव्हतं. कुठल्या आडनावानं करायची, यावरच तेव्हा अडलं होतं.

"पण त्या वारल्यात हे पाटीवरच लिहिलंय! 'कै.' आहे पुढं."

"आतल्या बाजूला कै. गवती चहा असंही लिहिलंय," कुलथे साहेब फाइल मिटत म्हणाले. "तो तर मी हिरवागार पाहिला. दाखला नसेल तर आमच्या दप्तरी त्या हयात आहेत. हजर करा, नाहीतर एकतर्फी निकाल होईल."

थेटे घरी आला आणि त्यानं नोटीस हर्षालीपुढं ठेवली. डोकं धरून म्हणाला, "आता हजर कुठून करायचं?" हर्षालीनं कागद घेतला. पहिली ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग तिनं बोट ठेवून एकच शब्द मोठ्यानं वाचला.

"भोगवटादार."

आणि ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली, पदर डोळ्यांना लावला आणि हसतच राहिली, निदान थेटेनं तरी ते हसणंच धरलं. "अहो, आत्याच्या नावावर जमीन झाली," ती म्हणाली. "गोरक्षदादाला फोन लावा."

थेटेला वाटलं, आपण सुटलो. आणि सुटलेल्या माणसाच्या उत्साहात त्यानं आयुष्यातली दुसरी मोठी चूक केली. पहिली चूक झाकायला तो दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेला आणि मुदतवाढीचा अर्ज दिला. तिथं फाइल खरं तर तळाशी गेली होती. अर्जामुळं ती वर आली. वर आल्यावर तिच्यावर निकाल झाला. टेम्पो आला. थेटे कामावर होता. हर्षाली दारात उभी राहून "नावाला धक्का लावू नका, हळू काढा" म्हणत होती आणि ती दोन माणसं गोणीत पाट्या टाकत होती. खणखण आवाज होत होता, पंगत उठल्यावर होतो तसा.

झाडं राहिली. कोणतं कोणतं, ते थेटेला कळत नाही. परवा थेटेनं चि. पुदिना म्हणून जे पाणी घालून वाढवलंय ते पाहून मंगलाबाई पुन्हा शिंकायला लागल्या आहेत. लोक अजून पट्टीपाशी थबकतात, काहीतरी होतं इथं, असं बघतात आणि पुढं जातात. कुसाबाईनं एकदा विचारलं, की मह्यं नाव टाकलं का? थेटे "बघू" म्हणाला.

घरात हा विषय निघत नाही. नोटीस मात्र देवघराशेजारी काचेत लावलेली आहे. आणि थेटे दर महिन्याला कार्यालयात एक अर्ज देतो. कार्यालय तो घेतं, शिक्का मारतं, आणि टेम्पो पंक्चर होता असं कळवतं. ताजा अर्ज असा आहे:

'प्रति, मा. प्रमुख, जप्त माल भांडार. विषय: स्टीलचे तुकडे, एक डझन, याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की, सदर माल आपल्याकडे जमा झालेला नाही असे आपण कळविले आहे, ते अर्जदारास मान्य आहे. तसेच भोगवटादार मालनबाई यांचे नाव दप्तरातून कमी करण्यात येऊ नये. त्या हयात असल्याबाबत अर्जदाराची हरकत नाही. जमा न झालेला सदर माल परत करणे नियमात बसत नसल्यास, तो भांडारात ठेवताना मालनबाई यांच्या नावाची बाजू वर करून ठेवण्यात यावी. त्यावर इतर माल रचू नये. वर्षातून एकदा, शक्यतो पितृपक्षात, प्रत्येक तुकडा ओल्या फडक्याने पुसून त्यावर घासभर भात वाढण्याचे आदेश संबंधितांस व्हावेत. आधी त्यांना वाढावे, नंतर कार्यालयाने जेवावे, ही नम्र विनंती.'